टायरची तारीख

मराठवाड्यात हौसेनं जपलेल्या गाडीचा टायर घासून संपत नाही, तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर अशा रोज फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीचे टायर दोन-तीन वर्षांत गुळगुळीत होतात आणि मालक मुकाट्यानं नवे टाकतो. त्याला विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री ओढून ठेवलेल्या आणि रविवारी सकाळी बाहेर निघणाऱ्या गाडीच्या मालकाला. सात-आठ वर्षांनंतरही त्याच्या टायरची नक्षी बोट बुडेल इतकी खोल असते. ती बघून तो निर्धास्त होतो आणि मग एखाद्या दिवशी भर दुपारी ताशी शंभरच्या वेगात टायर फुटतो.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला सचिन तेंडुलकरची लाल फेरारी आठवते. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून मिळालेली ती ‘३६० मोडेना’. पुढे तिच्या आयातशुल्कावरून केवढा गदारोळ झाला, तेही आठवतं. पण आपल्या शेजारी स्पोर्ट्स कार बनलीसुद्धा आहे. १९९८ साली गोव्यातल्या सॅन मोटर्सनं ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी काढली होती. अंग फायबरचं, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं. ती फार थोड्यांच्या नशिबी आली. एमएच २४ आणि एमएच २६ च्या पाट्या लावून फिरणाऱ्या आपल्या लातूर-नांदेडच्या स्पोर्ट्स कार म्हणजे १९९३ साली आलेली मारुती झेन, तिची २००३ मधली तीन दारांची ‘कार्बन’ आणि ‘स्टील’ ही भावंडं, मुंबईत कुर्ल्याला बनलेली शंभर अश्वशक्तीची फियाट पॅलिओ १.६, एखादी एस्टीम. यांना स्पोर्ट्स कार म्हणताना शहरातले जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत. हलक्या अंगाची, हाताला लगेच जबाब देणारी, वळणावर मजा आणणारी गाडी ती स्पोर्ट्स कार, एवढी व्याख्या मला पुरते.

अशा गाडीला नवे टायर घ्यायचे तर आधी जुन्यांचं वय कळायला हवं. टायरच्या कडेवर, इंग्रजी ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१९’ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा पूर्वार्ध. बऱ्याचदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत जाते. मग गाडीखाली मान घालून, मोबाइलचा दिवा लावून शोधावे लागतात. चाराऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर गाडी ढकलत न्यायलासुद्धा माझी हरकत आहे.

रबर म्हातारं होतं म्हणजे काय होतं? हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याच्या रेणूंच्या साखळ्यांवर हल्ला करत राहतात. रबर कडक होतं, चिवटपणा जातो, आतल्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारा थर सुटू लागतो. हे थोपवण्यासाठी कारखान्यात रबरात मेण आणि काही रसायनं मिसळतात. टायर फिरतो, दबतो, फुलतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर धरतात. उभ्या गाडीत हे घडत नाही. त्यामुळे जपून ठेवलेल्या गाडीच्या टायरला पळत्या गाडीपेक्षा आधी भेगा पडतात, हे ऐकून अनेकांना पटत नाही. त्यात आपलं ऊन. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम सांगतो, तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, पत्र्याखाली त्याहून वर. युरोपातल्या टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी टायर बाद करायला सांगतात. काही मोटार कंपन्या सहाच वर्षं म्हणतात. आपल्या हवेत, वेगानं चालवायच्या गाडीसाठी, मी सहाच धरतो.

हे बेतानंच सांगतो, कारण मोठ्या लोकांचीही यात चूक झाली आहे. ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांतला नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण बेफाम वेग हेच ठरलं, पण टायरच्या वयाची नोंद झालीच. कोट्यवधींची गाडी, नक्षी शाबूत आणि रबर वाळलेलं.

वयानंतर येते ती हवा. आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत सगळे एक सल्ला देतात: उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमीच ठेव, नाहीतर टायर फुटेल. हा सल्ला उलटा आहे. सकाळी पंचवीस अंशांत ३० भरलेली हवा दुपारी पंचेचाळीस अंशांत साधारण ३३ दाखवते. एवढ्यासाठी टायरला काही होत नाही, हा फुगारा धरूनच तो बनवलेला असतो. पण हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला कड जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता निघते, ती बाहेर पडण्याआधी पुढची फेरी सुरू होते. नांदेडहून लातूरला जाणारा १४० किलोमीटरचा महामार्ग आता चौपदरी झाला आहे. पूर्वी खड्डेच वेग आवरायचे, आता तासभर सलग एका वेगात गाडी पळते आणि आतली उष्णता साचत जाते. समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याच्या अपघातांनंतर घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायची वेळ आली, त्यामागेही सलग वेगाचं हेच गणित होतं. म्हणून हवा गार टायरमध्ये, सकाळी, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तितकी भरावी. दुपारी तापलेल्या टायरची हवा तर कधीच सोडू नये.

कमी हवेचा दुसरा तोटा जूननंतर कळतो. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, याचं एक सूत्र नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून बांधलं. ते मोटारीला तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज येतो. हवा ३० असेल तर ताशी नव्वदच्या आसपास, २० असेल तर पंच्याहत्तरीतच. कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. पावसाळ्यात ती मर्यादा मला फारच उदार वाटते, तीन उरले की नव्याची तयारी करावी. आणि आपल्याकडे नुसतं पाणी नसतं. शेतातून डांबरीवर चढणारा ट्रॅक्टर काळ्या मातीचे गोळे टाकत जातो. पहिल्या सरीत ती माती साबणासारखी होते, तिथे कोणत्याही कंपनीचा टायर चालत नाही. चाकाखाली ती दिसली की पाय ब्रेकवरून काढायचा, एवढाच उपाय.

आता खरा घोळ, मापाचा. झेनचं मूळ माप १४५/७० आर १३. यातला १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हे माप दुकानात सहसा नसतं. दुकानदारही काय करतील, त्यांचा धंदा ट्रक, ट्रॅक्टर आणि दुचाकीवर चालतो. मोटारीचे टायर ठेवायचे तर जे माप महिन्याला खपतं तेच. झेनचं माप सांगितलं की दुकानदार मागून १४५/८० आर १३ काढतो, वॅगनआरला लागतो तो, आणि म्हणतो, ‘साहेब, हेच चालतंय. उलट गाडी उंच होती.’ बसतो खरा. पण हिशोब करून पाहा. मूळ टायरचा व्यास ५३३ मिलिमीटर, याचा ५६२. गाडी चौदा-पंधरा मिलिमीटर उचलली जाते, काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेपाचवर असते, उचल मंदावते, आणि ज्या चपळाईसाठी झेन ठेवली ती वळणावर गायब होते. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की कड आतल्या पत्र्याला घासण्याची भीती वेगळीच. याऐवजी १५५/६५ आर १३ मागावा. त्याचा व्यास ५३२, मूळच्या केसभर जवळ, रुंदी सेंटिमीटरभर जास्त. २०१० साली आलेल्या आल्टो के-टेनला हेच माप होतं, म्हणून ते अजून मिळतं. दुकानात नसेल तर चार दिवसांत मागवून मिळतं. तेवढा धीर धरावा.

दुसऱ्या गाड्यांसाठीही सूत्र तेच: रुंदीला कडेच्या टक्क्यानं गुणा, दुप्पट करा, रिमचे इंच २५.४ नं गुणून त्यात मिळवा. मूळ व्यासापेक्षा फरक दोन टक्क्यांच्या आत राहिला तर ठीक. मापानंतर येणारा आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं असतं. ७३ म्हणजे एका टायरवर ३६५ किलो, ८२ म्हणजे ४७५. ‘एस’ ताशी १८०, ‘टी’ १९०, ‘एच’ २१०. मूळच्यापेक्षा यातलं काहीही कमी घेऊ नये. आपण १९० नं जाणार नाही हे खरं, पण वरच्या वेगाचं अक्षर मिळवायला टायरला जास्त उष्णता सोसावी लागते, आणि उष्णतेची तर आपल्याकडे वाण नाही.

रुंद टायर आणि मोठ्या अलॉयचं वेड तरुणांना फार आहे. लातूरच्या शिकवणीला आलेली पोरं मोटारसायकलवर हौस भागवतात, नोकरीला लागली की मोटारीवर. दोन इंच मोठी रिम आणि पट्टीसारखी कड असलेला टायर फोटोत शोभतो. पण जुन्या हलक्या गाडीचं सस्पेन्शन उंच, मऊ कडेला धरून बेतलेलं असतं, धक्क्याचा पहिला भाग ती कडच खाते. काळ्या मातीवरचे रस्ते उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात फुगतात, म्हणून डांबराला लाटा येतात. पातळ कडेचा टायर अशा लाटेवर आपटला की आतले धागे तुटतात आणि कडेला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी काहीही सांगो. शिवाय पॉवर स्टिअरिंग नसलेल्या झेनला रुंद टायर लावून लातूरच्या गंजगोलाईत गाडी फिरवून बघा, खांदे बोलतील.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांची गोष्ट निराळी. तिचं जुनं माप ५.२०-१४, तेही एकमेकांवरून तिरप्या जाणाऱ्या धाग्यांच्या म्हणजे क्रॉसप्लाय बांधणीचं. जेके टायरनं १९७७ साली भारतात पहिला रेडिअल आणला, पण त्या काळच्या गाड्या त्यासाठी बेतलेल्या नव्हत्या. चारही चाकांना रेडिअल लावले तर पद्मिनी सुधारते. दोन रेडिअल आणि दोन क्रॉसप्लाय मात्र कधीच नाही. जगभर जुन्या गाड्यांच्या मापांचा प्रश्न आहे आणि तो सोडवणाऱ्यांत एक आपलाच: अपोलो टायर्सनं २००९ साली घेतलेली नेदरलँड्सची व्ह्रेडेस्टाइन कंपनी खास जुन्या गाड्यांसाठी ‘स्प्रिंट क्लासिक’ बनवते. परदेशातून असे टायर आणणं मात्र सोपं राहिलेलं नाही, जून २०२० पासून टायरच्या आयातीला परवाना लागतो.

एकाच वेळी चार घेणं परवडत नसेल तर दोन घ्यावेत, आणि ते मागे बसवावेत. इथे हमखास वाद होतो. गाडी पुढच्या चाकांनी ओढते, मग नवे पुढेच हवेत, असं मेकॅनिक छातीठोकपणे सांगतो. पुढची चाकं पाण्यावर सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरते, आणि ती सावरायला लागणारं कसब रोज फेरारी चालवणाऱ्यालाही नेहमी जमत नाही. सचिनच्या त्या ‘३६० मोडेना’ला तर पुढे २१५ आणि मागे २७५ रुंदीचे टायर असतात, त्यामुळे पुढचे मागे करायचा प्रश्नच येत नाही.

दुकानात गेल्यावर पैसे काढण्याआधी चारही टायरची तारीख स्वतः वाचावी. कमी खपाच्या मापाचा माल फडताळात दोन-तीन वर्षं पडून असणं स्वाभाविक आहे, त्यात दुकानदाराचं पाप नाही. पण ती वर्षं तुमच्या सहा वर्षांतून वजा होणार. वर्षभराच्या आतला असेल तर आनंदानं, दीड वर्षाचा असेल तर भाव करून घ्यावा. आयएसआयची खूण पाहावी, पक्कं बिल घ्यावं. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो बिलात दिसला पाहिजे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुन्हा नोंदणी पाच वर्षांची मिळते आणि त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते. टायर घ्यायचेच असतील तर त्या तपासणीच्या आधी घ्यावेत. रिमोल्ड टायर बैलगाडीला लावा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावा, पळणाऱ्या मोटारीला नको.

बसवताना जुन्या रिमची गंजलेली कड घासून घ्यायला आणि व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगावं, नाहीतर नवा ट्यूबलेस महिन्याला पाच पॉइंट हवा सोडत राहतो आणि दोष टायरला लागतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा निसरडा थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेतानं चालवावी. उतरवलेल्या चारांतला त्यातल्या त्यात बरा दिसणारा टायर स्टेपनीत टाकायची आपली पद्धत आहे. त्याचीही तारीख वाचा. डिकीतली सध्याची स्टेपनी गाडीसोबत शोरूममधून आलेली असेल तर ती गाडीइतकीच म्हातारी आहे, आणि कुणाचा हात न लागल्यामुळे तिची नक्षी सगळ्यांत सुंदर दिसत असणार.