सर्पगंधेतील रेसर्पीन : औषधविज्ञान आणि संशोधनातील उपयोग

प्रस्तावना :
मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास सामान्यतः फ्रान्समधील क्लोरप्रोमाझीनपासून सांगितला जातो. त्याच सुमारास प्रचारात आलेल्या रेसर्पीनचा मार्ग मात्र मुंबईवरून जातो. मनोविकारांवरील उपचारात आज त्याचे स्थान जवळजवळ उरलेले नाही. तरीही मेंदूच्या अभ्यासाचे साधन म्हणून ते टिकून आहे. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुळीपासून द्रव्यापर्यंत :
सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील उपयोग परंपरेने ज्ञात होता. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील तिचा परिणाम नोंदविला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील निरीक्षणे 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसर्पीन वेगळे केले. 1954 मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले. 1957 च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन या दोघांचाही समावेश होता.

कार्यपद्धती :
चेतापेशींमध्ये डोपामीन, सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनालीन ही द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत साठविली जातात. त्यांना पुटिकेत नेणाऱ्या वाहक प्रथिनास रेसर्पीन निकामी करते. बाहेर राहिलेली द्रव्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकरामुळे नष्ट होतात. क्लोरप्रोमाझीन डोपामीनच्या ग्राहींना अडविते, तर रेसर्पीन साठाच रिकामा करते. हा परिणाम अपरिवर्तनीय असल्याने औषध थांबविल्यावरही दीर्घकाळ टिकतो. रक्तदाब उतरणे, मन शांत होणे आणि कंपवातासारखी लक्षणे दिसणे या तिन्ही गोष्टींचे मूळ याच एका क्रियेत आहे.

संशोधनातील उपयोग :
जो दुष्परिणाम उपचारात अडथळा ठरला, तोच संशोधनात उपयोगी पडला. 1957 मध्ये स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी दाखविले की, रेसर्पीनमुळे निश्चल झालेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. कंपवाताच्या एल-डोपा उपचाराचा पाया येथे घातला गेला. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. आजही कंपवाताच्या अभ्यासात उंदरांवर रेसर्पीन वापरले जाते. त्याच वाहक प्रथिनास परिवर्तनीय रीतीने रोखणाऱ्या व्हॅल्बेनाझीनला 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मनोविकारांवरील औषधांच्या दीर्घ वापराने उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींवर ते दिले जाते.

एक सावधगिरी :
रेसर्पीनने नैराश्य येते, हे विधान पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ निःशंकपणे येत राहिले आणि नैराश्याच्या रासायनिक उपपत्तीस त्याचाच आधार मिळाला. प्रत्यक्षात 1955 मध्येच लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांच्या नियंत्रित चाचणीत चिंताग्रस्त व नैराश्यग्रस्त रुग्णांना रेसर्पीनने लाभ झाल्याचे दिसले होते. पुढील पुरावाही एकमुखी नाही. म्हणून रेसर्पीन दिलेल्या प्राण्याची निश्चलता म्हणजे मानवी नैराश्य, असे समीकरण अध्यापनात वा प्रकल्पलेखनात मांडणे उचित नाही.

समारोप :
रेसर्पीनची कथा केवळ प्राचीन ज्ञानाच्या विजयाची नव्हे. परंपरेने दिशा दिली. वकील यांच्यासारख्यांनी रुग्णांवरील निरीक्षणांची शिस्तबद्ध नोंद केली, तेव्हाच ती दिशा जगाला मान्य झाली. वनौषधींवरील संशोधनास मार्गदर्शन करताना हीच शिस्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.