लेपित पात्याच्या चाकूंचे घरगुती पुनर्संस्करण : एक विवेचन

प्रस्तावना :

स्वयंपाकघरातील विळीला किंवा शेतकऱ्याच्या कोयत्याला रंगाचा लेप दिलेला आपण सहसा पाहत नाही. पाते वापरले जाते, चिंच-कैरीच्या आम्लाने काळवंडते, पुसून ठेवले जाते आणि तसेच वर्षानुवर्षे टिकते. याउलट अमेरिकेत शिकार, शिबिरवास व लष्करी सेवा यांसाठी तयार होणाऱ्या स्थिर पात्याच्या, म्हणजे घडी न होणाऱ्या, चाकूंपैकी अनेकांच्या पात्यावर धारेचा भाग वगळता सर्वत्र काळा, राखाडी किंवा मातकट लेप असतो. हा लेप घरच्या घरी उतरवून पात्याला नवे रूप देणे हा तेथील हौशी मंडळींचा एक रुळलेला छंद आहे. लाकूड चिरताना लेप अडतो, ओरखडे पडून तो विद्रूप दिसतो, अन्न कापताना त्याचे कण सुटतील अशी शंका वाटते, अशी कारणे त्यामागे सांगितली जातात व ती बव्हंशी रास्त आहेत.

वरकरणी हा विषय केवळ हस्तकौशल्याचा वाटतो. परंतु त्यात बहुवारिक रसायनशास्त्र, धातुशास्त्र आणि विषशास्त्र ही तिन्ही एकत्र येतात. आणि या कामात खरा धोका पात्याच्या धारेपासून नसून लेप उतरविण्याच्या द्रावकापासून आहे, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे व त्यांमागील कारणे यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेप कशासाठी असतो?

अमेरिकन मरीन कोअरने १९४२ साली स्वीकारलेला, पुढे ‘का-बार’ या नावाने प्रसिद्ध झालेला ७ इंची पात्याचा चाकू हे या परंपरेतील सर्वांत परिचित उदाहरण होय. त्या काळी अशा पात्यांवर फॉस्फेटची प्रक्रिया केली जाई. त्यामुळे पात्याची चकाकी जाऊन ते शत्रूच्या नजरेस पडत नसे आणि फॉस्फेटच्या सच्छिद्र थरात तेल मुरून गंजालाही आळा बसे. आज का-बार व ईएसईई यांसारख्या उत्पादकांच्या अनेक चाकूंवर त्याऐवजी इपॉक्सी जातीच्या भुकटीचा लेप असतो.

लेपाची गरज समजण्यासाठी पोलादाकडे पाहिले पाहिजे. अशा चाकूंसाठी ‘१०९५’ या क्रमांकाचे पोलाद किंवा त्यात अल्प भर घालून केलेले त्याचे भावंड मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. या क्रमांकातील पहिले दोन अंक साधे कार्बनी पोलाद दर्शवितात, तर शेवटचे दोन अंक कार्बनचे प्रमाण सुमारे ०.९५ टक्के असल्याचे सांगतात. असे पोलाद उत्तम धार घेते, सहज निसले जाते व स्वस्तही पडते. मात्र न गंजणाऱ्या पोलादात जे साधारण १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असावे लागते, ते यात जवळजवळ नसतेच. म्हणजे ओलावा मिळताच हे पाते गंजणार, हे ठरलेलेच. लेप ही त्या पोलादाच्या उणिवेची भरपाई आहे. तो काढून टाकणाऱ्याने ती उणीव आपल्या अंगावर घेतलेली असते, हे प्रथमच ओळखलेले बरे.

हेही नमूद केले पाहिजे की, प्रत्येक काळे पाते एकाच प्रकारच्या लेपाचे नसते. फॉस्फेटचा किंवा काळ्या ऑक्साइडचा थर व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात अर्ध्या तासात सैल होतो. निर्वात कक्षात बाष्परूपाने बसविलेला टायटॅनियम नायट्राइडचा किंवा हिरासदृश कार्बनचा थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा असूनही इतका कठीण असतो की, पॉलिश पेपरचे कण त्याच्यापुढे हतबल ठरतात आणि द्रावकांचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. असे पाते तसेच राहू द्यावे. पुढील विवेचन मुख्यतः इपॉक्सी लेपाविषयी आहे.

लेप उतरविणे :

इपॉक्सीची बारीक भुकटी विद्युत्भाराच्या साह्याने पात्यावर चिकटवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजली जाते. या उष्णतेत भुकटी प्रथम वितळून पसरते आणि नंतर तिच्या रेणुसाखळ्या परस्परांशी जोडल्या जाऊन त्रिमितीय जाळे तयार होते. साध्या रंगातील रेणुसाखळ्या सुट्या असतात, म्हणून तो थिनरमध्ये विरघळतो. जाळे मात्र विरघळू शकत नाही. ते फार तर फुगते. अॅसिटोनने कितीही पुसले तरी हा लेप हलत नाही, याचे कारण हेच. तो उतरविण्यासाठी जाळ्याच्या छिद्रांतून आत शिरून त्याला फुगवील असा लहान रेणूचा द्रावक लागतो. फुगलेला लेप पोलादावरील पकड सोडतो व सुरकुत्या पडून उचलला जातो.

हे काम सर्वांत वेगाने करणारा द्रावक म्हणजे डायक्लोरोमिथेन, अर्थात मिथिलीन क्लोराइड. त्याची शिफारस जुन्या मार्गदर्शनपर लिखाणात सर्रास आढळते. परंतु तो ४० अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्यामुळे सामान्य तापमानालाही त्याची वाफ मोठ्या प्रमाणावर निर्माण होते व हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असल्याने ती बंद खोलीत तळाशी साठते. ती मेंदूला गुंगी आणते. शिवाय शरीरात गेलेल्या डायक्लोरोमिथेनच्या काही भागाचे यकृतात कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते, म्हणजे मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातील विष काही काळ वाढत राहू शकते. अमेरिकेत १९८० ते २०१८ या काळात या द्रावकामुळे झालेल्या ८५ मृत्यूंची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात आहे. त्यांतील बहुतेक माणसे आपले रोजचे काम करीत होती. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी या द्रावकाच्या ग्राहकांना होणाऱ्या विक्रीवर बंदी घातली आणि २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक औद्योगिक वापरांपर्यंत निर्बंध वाढविले. नेहमीच्या पातळ हातमोज्यांतून तो काही मिनिटांत आरपार जातो, आणि बाष्प शोषणाऱ्या साध्या मुखवट्याचाही त्याच्यापुढे भरवसा धरता येत नाही. प्रयोगशाळेतील धूरकक्षात हा द्रावक सहजपणे हाताळणाऱ्या प्राध्यापकांनीही घरातील न्हाणीघर म्हणजे धूरकक्ष नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे रंग काढण्याचे द्रावण खरेदी करताना डब्यावरील घटकांत वरील दोहोंपैकी एखादे नाव आढळल्यास घरगुती कामासाठी तो डबा परत ठेवणे इष्ट.

त्याला पर्याय म्हणजे बेन्झिल अल्कोहोलवर आधारित द्रावण. त्याचा उत्कलनबिंदू २०० अंशांहून अधिक असल्याने वाफ फारच कमी निघते. ते मंदगती आहे, हाच काय तो त्याचा दोष. पात्यावर जाड थर देऊन वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा, म्हणजे द्रावण सुकत नाही, आणि काही तास वाट पाहावी. एका खेपेत लेप न सुटल्यास पुन्हा थर द्यावा. हातमोजे, चष्मा व मोकळी हवा येथेही आवश्यकच आहे. सुटलेला लेप प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा आणि तो चिकट गाळ मोरीत न सोडता वर्तमानपत्रात घेऊन सुकवून धोकादायक कचऱ्यात द्यावा.

मुठीचा विचार द्रावण लावण्यापूर्वीच करावा लागतो. स्क्रूने बसविलेल्या मुठीच्या फळ्या काढून ठेवता येतात. जुन्या धाटणीच्या का-बारची मूठ मात्र चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून, दाबून केलेली असते. ती निघत नाही व द्रावण शोषून घेते. अशा वेळी आडपट्टीच्या अलीकडे चिकटपट्टी घट्ट गुंडाळून तेवढा भाग सोडून द्यावा, हेच शहाणपणाचे.

लेप जाळून काढण्याचा मार्ग काहींना सोपा वाटतो. तो सर्वस्वी त्याज्य आहे. एक तर जळत्या इपॉक्सीचा धूर घातक असतो. दुसरे असे की, लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतात त्या क्रियेने व नंतरच्या नियंत्रित तापविण्याने पात्याला जी कठीणता आलेली असते, ती अशा अनियंत्रित उष्णतेने नाहीशी होते. हाच धोका विजेवर चालणाऱ्या पट्ट्याच्या घासयंत्राचाही आहे. उघड्या पोलादावर फिकट पिवळा रंग दिसू लागला की तेथील तापमान सुमारे २२० अंश आणि निळा दिसला की सुमारे ३०० अंश झाले, असे समजावे. धार सर्वांत पातळ म्हणून तीच सर्वांत आधी तापते. गमावलेली कठीणता पॉलिश करून परत येत नाही.

लेपाखालचे पाते :

लेप उतरल्यावर पुष्कळांची निराशा होते. आतून झगझगीत पोलाद निघेल ही अपेक्षा असते. प्रत्यक्षात दिसतात ते घासयंत्राचे आडवे चरे, उष्णोपचारात जमलेल्या खवल्यांचे काळपट डाग आणि कोठे कोठे बारीक खड्डे. यात उत्पादकाची लबाडी नाही. लेप घट्ट बसण्यासाठी पृष्ठभाग खडबडीतच हवा, आणि जो भाग झाकला जाणार तो चकचकीत करण्याचा खर्च कोण करील? उष्णोपचाराच्या वेळी पृष्ठभागावरील कार्बन काही अंशी जळून गेल्याने सर्वांत वरचा पातळ थर किंचित मऊ असू शकतो, तोही घासण्यात निघून जातो.

घासण्यासाठी सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून १२० क्रमांकापासून आरंभ करावा व क्रमाने २२० आणि ४०० पर्यंत जावे. प्रत्येक टप्प्यात आधीच्या कागदाचे सर्व चरे पुसले गेल्याखेरीज पुढचा कागद हाती घेऊ नये. येथे केलेली घाई शेवटी उघडी पडते. घासताना पाण्याऐवजी थोडे पातळ तेल वापरावे, कारण ओले उघडे पोलाद पाहता पाहता तांबूस होते. उरलेल्या लेपाची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी बांधावी. हालचाल पात्याच्या लांबीच्या दिशेने, धार जाड चिकटपट्टीने झाकलेली आणि पाते शिकंज्यात किंवा फळीवर पक्के बसविलेले असावे. आरशासारखी चमक आणण्याचा मोह टाळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती आणण्यासाठी बरेच पोलाद झिजवावे लागते आणि पहिल्याच वापरात ती ओरखडते.

नवे आवरण :

उघडे पाते संरक्षणाविना ठेवता येत नाही. येथे गंज आणि गंज यांत भेद करावा लागतो. परिचित तांबडा गंज हा लोहाचा जलयुक्त ऑक्साइड. तो मूळ लोहापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून फुगून सुटतो आणि खालचे पोलाद पुन्हा उघडे पाडतो. काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, पृष्ठभागाला धरून राहतो व आपल्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून ठेवतो. जुन्या बंदूककारागिरांनी तांबड्या गंजाचे काळ्यात रूपांतर करण्याची जी रीत वापरली, ती घरीही जमण्यासारखी आहे.

मुठीच्या फळ्या काढलेले पाते प्रथम तेलाचा अंशही राहणार नाही असे धुऊन घ्यावे. बोटाचा ठसादेखील शेवटी डाग म्हणून उमटतो. नंतर ते दमट हवेत टांगून त्यावर मखमलीसारखा पातळ, सलग तांबडा गंज येऊ द्यावा. अमेरिकेतील कोरड्या प्रदेशांत यासाठी दमट पेटी तयार करावी लागते. कोकणातील जुलै महिन्यात त्या खटाटोपाची गरज नाही. मग पाते शुद्ध पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावे. तांबडा थर डोळ्यांदेखत काळा होतो. १०० अंशांच्या पाण्याने कठीणतेला बाध येत नाही, हा या रीतीचा मोठाच गुण. सुटी काळी पूड अतिबारीक पोलादी लोकरीने हलकेच झाडून हाच क्रम पाच-सहा वेळा केला की, एकसारखा निळसर काळा रंग चढतो. त्यावर लगेच तेल द्यावे.

चामडी मुठीच्या चाकूला ही रीत लागू पडत नाही. त्याच्या पात्यावर कडक काळ्या कॉफीचा किंवा कोमट व्हिनेगरचा बोळा फिरवून राखाडी छटा आणता येते. कॉफीतील टॅनिनसदृश द्रव्यांचा लोहाशी संयोग होऊन काळसर संयुग बनते. हिरड्याची शाई करणाऱ्यांना ही क्रिया नवी नाही. हे आवरण उकळून आणलेल्या थरापेक्षा पुष्कळच दुबळे असते व ते वापरानुसार आपोआप गडद होत जाते. पाते व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यास मात्र ते खड्ड्याखड्ड्यांनी कोरले जाते. बाजारात थंड अवस्थेत लावण्याची निळे करणारी द्रावणेही मिळतात. त्यांत बहुधा सेलेनियमची विषारी संयुगे असतात, तेव्हा अन्नाशी संबंध येणाऱ्या पात्यासाठी ती वापरू नयेत.

यांपैकी कोणतेही आवरण मूळ इपॉक्सीइतके अभेद्य नाही. वापर झाल्यावर पाते धुऊन कोरडे करणे व त्यावर तेलाचा हात फिरविणे हा रोजचा परिपाठ होतो. अन्नासाठी वापरायच्या पात्याला खाद्यप्रतीचे खनिज तेल योग्य. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल काही आठवड्यांत चिकट होते. चामडी म्यान ओलावा धरून ठेवते आणि चामडे कमाविताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात शिल्लक असतात. म्हणून म्यान केवळ वाहून नेण्यापुरते वापरावे आणि पाते घरी कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवावे.