‘वायरच नाही, मग करंट लागंल कसा?’

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते ऐकताच आधी भिंतीवरच्या प्लगकडे माझी नजर जाते. आमचं अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. दिवाळीची झाडलोट आणि गळीत हंगामाची सुरुवात इथं मागेपुढेच येते. उसाच्या ट्रॅक्टरांचा फुफाटा आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी सकाळी पुसावी, तर संध्याकाळी परत तितकीच. पुण्या-संभाजीनगरात नोकरीला लागलेली मुलं आईच्या कंबरेचा विचार करून बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर घरी पाठवतात. चांगलंच करतात. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्यासोबत घरात शिरलेल्या बेफिकिरीबद्दल आहे.

एका घरी टाकी भरून वाहिली आणि पडवीत पाणी साचलं. वहिनी त्या कॉर्डलेस यंत्रानंच पाणी ओढायला लागल्या. ‘अहो वहिनी, बंद करा ते,’ म्हणालो, तर उत्तर आलं, ‘काही होत नाही भाऊजी, ह्याला वायरच नाही, मग करंट लागंल कसा?’ काम झाल्यावर ते ओलं यंत्र त्यांनी तसंच चार्जिंगच्या स्टँडला अडकवलं. स्टँडचं अॅडॅप्टर एका जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्ड पडवीच्या ओल्या फरशीवर.

वहिनींचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. कॉर्डलेस व्हॅक्यूममध्ये साधारणपणे सहा किंवा सात लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे ३.६ व्होल्ट धरले तर बेरीज २१.६ किंवा २५.२ व्होल्ट. एवढ्या दाबानं कोरड्या हाताला झटका बसत नाही. इथवर कबूल.

पण ही बॅटरी भरते कुठून? भिंतीतल्या २३० व्होल्टमधून. वायर नाहीशी झालेली नाही, ती यंत्रापासून सुटून भिंतीपाशी जाऊन बसली आहे. २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातले पंचवीस-तीस व्होल्ट यांच्यामध्ये फक्त ते काळं अॅडॅप्टर उभं असतं. चांगल्या अॅडॅप्टरमध्ये दोन्ही बाजू एकमेकींपासून पूर्ण तोडलेल्या असतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर, त्याच्या गुंडाळ्यांत नीट इन्सुलेशन, पट्टीवर काही मिलिमीटरचं मोकळं अंतर. मूळ अॅडॅप्टर बिघडल्यावर बाजारातून स्वस्तातलं आणलं, की खर्च वाचवलेला असतो तो नेमका याच अंतरात आणि याच इन्सुलेशनमध्ये. त्यात ओल शिरली तर २३० व्होल्ट थेट पलीकडे, स्टँडच्या उघड्या पट्ट्यांवर येऊ शकतात. म्हणून अॅडॅप्टर त्याच कंपनीचं घ्यावं आणि त्यावरची खूण तपासावी. भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण असेल तर तिच्याखाली ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकला की खरा-खोटा कळतो. दोन मिनिटांचं काम आहे.

आता यावरचं ठरलेलं उत्तर: ‘आमच्याकडे एमसीबी बसवलेत, काही झालं तर लगेच पडतात.’

नाही पडत! निदान माणसाला शॉक बसल्यावर तरी नाही. हे किती वेळा सांगायचं? एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. हिशेब करून बघा. माणसाच्या अंगाचा विरोध ओलसर हातापायांशी साधारण १,५०० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून जवळपास १५० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाचे ठोके बिघडवायला तेवढा पुरेसा आहे. एमसीबी आहे १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा, शंभर पटीहून मोठा. माणूस चिकटून राहील आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, एवढंच तो पाहत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह दुसऱ्या कुठल्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चालला आहे असं समजून तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमावलीनं, लहान जोडण्या वगळता, घरगुती जोडणीला हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली. नियम कागदावर आहे आणि डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, आरसीसीबीची जागा रिकामी आहे, अशी घरं आपल्या आसपास कमी नाहीत. काही घरांत तो बसवला होता, पण इन्व्हर्टर जोडताना न्यूट्रल एकत्र झाला, आरसीसीबी सारखा पडू लागला, आणि वायरमननं वैतागून तो बाजूला काढून सरळ जोड दिला. जोडणी दुरुस्त करायची सोडून राखणदारच हाकलून दिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं होणारे मृत्यू वर्षाला १२,००० च्या वर आहेत. ती माणसं काही विजेच्या खांबांवरच चढलेली नव्हती.

‘आमची अर्थिंग चांगली आहे’ हेही लगेच येतं. अर्थिंग हवीच. पण दोन पिनांच्या अॅडॅप्टरला अर्थची पिनच नसते, त्यामुळे इथं तिचा उपयोग नाही. फ्रिज, मोटर, गिझर यांना ती लागते आणि तिथंही आपली काळी जमीन दगा देते. पावसाळ्यात ओली असताना ती प्रवाह छान वाहून नेते. उन्हाळ्यात तडकते, आकसते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि विरोध वाढतो. घर बांधताना खड्डा केला आणि वर फरशी बसवून टाकली, तर ती अर्थिंग मे महिन्यात नावापुरतीच उरते. खड्ड्याचं तोंड उघडता येईल असं ठेवा आणि उन्हाळाभर त्यात पाणी घाला.

शॉकपेक्षा वेगळी भीती बॅटरीची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २५.२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे ६३ वॅट-तास ऊर्जा, तीन मोबाइलच्या बॅटऱ्यांएवढी. ओल किंवा मार लागून आत शॉर्ट झालं तर तीच ऊर्जा झपाट्यानं उष्णतेत बाहेर पडते, आतलं द्रावण पेट घेतं आणि विझलेला सेल पुन्हा पेटू शकतो. बहुतेक उत्पादक ४० ते ४५ अंशांच्या वरच्या तापमानात चार्जिंग करू नका म्हणतात. जालन्याचा मे महिना तिथवर पोचतोच, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून वर. म्हणून चार्जिंग घरातल्या थंड जागी, दिवसा, माणूस जागा असताना करावं. बॅटरी फुगली, विनाकारण तापली किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर वापर तिथंच थांबवा. धूर दिसलाच तर प्लगला हात न लावता मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

मग पाणी ओढायचंच असेल तर? त्यासाठी ‘वेट अँड ड्राय’ असं स्पष्ट लिहिलेलं यंत्र लागतं. साध्या यंत्रात ओढलेली हवाच मोटर थंड करत पुढे जाते, त्यामुळे पाणीही तिथंच पोचतं. वेट अँड ड्रायमध्ये मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेनं येते आणि टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन ओढ बंद करतो. ‘हायब्रिड’ शब्दावर मात्र भुलू नका. कुणी बॅटरी आणि वायर दोन्हींवर चालणाऱ्या यंत्राला हायब्रिड म्हणतं, कुणी खाली ओलं फडकं लावलेल्या यंत्राला. फडकंवालं यंत्र फरशी पुसतं, साचलेलं पाणी ओढेलच असं नाही. आणि वायर लावून चालवताना ते कॉर्डलेस राहत नाही, २३० व्होल्टचं साधं विजेचं यंत्र होतं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करा’ ही निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय आहे. लिथियमला पूर्ण उतरणंच सोसत नाही. ‘जास्त वॅट म्हणजे जास्त ओढ’ हेही नाही. युरोपीय संघानं २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमवर ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथल्या घरांची झाडलोट थांबली नाही. ‘दोन पिन म्हणजे हलका माल’ असंही नसतं. चौकोनात चौकोन ही खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे. ‘रबरी चप्पल आहे ना’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ओली, झिजलेली चप्पल भरवशाची नाही आणि दुसरा हात भिंतीला टेकला तर चपलेचा संबंधच राहत नाही. चुलीतली किंवा उदबत्तीची राख गार दिसली तरी ती व्हॅक्यूमनं ओढू नका, आतला निखारा वाऱ्यानं पुन्हा फुलतो.

आज घरी गेल्यावर वीज चालू असताना डीबी उघडा. आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबा. खटका लगेच पडला तर परत वर करा आणि महिन्याला एकदा हीच तपासणी करत जा. पडला नाही, किंवा असं बटणच डीबीत सापडलं नाही, तर उद्या सकाळी परवानाधारक वायरमनला बोलवा. तोवर ते अॅडॅप्टर ओल्या फरशीवरून उचलून कोरड्या, उंच जागी लावा. पण उचलण्याआधी मेन स्विच बंद करा.