फुकट स्की-पासची किंमत
बर्फाळ डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये स्वस्त मुक्काम किंवा फुकट स्की-पास मिळाला, की त्याचा मोबदला बहुधा टाइमशेअरच्या विक्री-बैठकीत वसूल होतो. ही कल्पना १९६०च्या दशकात फ्रेंच आल्प्समधल्या स्की-केंद्रातच रुजली: खोली दरवर्षी भाड्याने घेण्यापेक्षा तिचा एक आठवडा विकतच घ्या. दरवर्षी त्याच जागी जाणाऱ्याला हे परवडू शकते, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण देखभाल शुल्क गेलात वा न गेलात तरी भरावेच लागते, बर्फाची हमी नसते आणि फेरविक्रीत मूळ किंमत क्वचितच निघते. म्हणूनच ‘आजच सही करा’ हा आग्रह खटकतो. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशानुसार करारातून माघार घ्यायला १४ दिवस मिळतात आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. कायद्यालाच विचाराला वेळ द्यावासा वाटला, तर ग्राहकाने घाई का करावी?