दरवर्षी नवी लस कशासाठी?

आमच्या विजापूर वेशीतल्या शेजारी एक खाला आहेत. वय सत्तरीच्या पुढे, दम्याचा त्रास, सारी उमर विड्या वळण्यात गेलेली. मे महिन्यात डॉक्टरांनी त्यांना फ्लूची लस घ्यायला सांगितली. घरी येऊन त्या आम्हाला म्हणाल्या, "मागच्या वर्षी घेतली होती की! पुन्हा पैसे कशाला?" कष्टाच्या पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या घरात हा सवाल रास्तच आहे.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून त्यांना समजावताना अक्षरांचीच मदत घेतली. 'रोज़' या शब्दातला नुक्ता शेवटच्या अक्षरावरून उचलून पहिल्यावर ठेवला, की 'ज़ोर' होतो. एका टिंबाने शब्द बदलतो. फ्लूच्या विषाणूचेही तसेच आहे. त्याचा सारा मजकूर आरएनएच्या आठ तुकड्यांत, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांत लिहिलेला असतो. शरीरात शिरला की तो स्वतःच्या नकला काढतो. पण हा कातिब घाईचा, लिहिलेले तपासत नाही. चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. काहींमुळे मात्र विषाणूचे बाहेरचे रूप बदलते आणि मागच्या लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती त्याला नीट ओळखत नाही. शिवाय लशीचा जोर काही महिन्यांत ओसरतो, तो वेगळाच.

या चुका वाचण्याचे काम आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात चालते. 1952 साली सुरू झालेली तिथली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था रुग्णांच्या नाका-घशातले नमुने तपासते, विषाणूची अक्षरे वाचते आणि आधीच्या नमुन्यांशी ताडून पाहते. ओसेल्टामिविर हे औषध अजून लागू पडते का, हेही त्यातून कळते. कारण एका ठरावीक जागचा बदल त्या औषधाचा असर खूप घटवतो. अशी माहिती जगभरातून जागतिक आरोग्य संघटनेकडे जाते. तिथले तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात. लस तयार व्हायला साधारण सहा महिने लागतात, म्हणून ही घाई.

2009 साली स्वाइन फ्लू आला, तेव्हा देशातला पहिला बळी पुण्यातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्या साथीच्या विषाणूचा कॅलिफोर्नियात सापडलेला नमुना पुढे अनेक वर्षे लशीत राहिला. विषाणू हळूहळू बदलत गेला आणि सप्टेंबर 2016 मध्ये त्याच्या जागी 2015 सालचा मिशिगनचा नमुना घ्यायचे ठरले. उलटही घडते. बी गटातली यामागाता ही शाखा मार्च 2020 नंतर खात्रीने कुठे सापडलीच नाही. म्हणून ती लशीतून वगळावी, असे 2023 मध्ये तज्ज्ञांनी सुचवले. म्हणजे लशीचे नाव तेच, आतला मजकूर मात्र वेळोवेळी नवा.

आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. थंडीच्या अखेरीसही तो डोके वर काढतो. लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाआधी घेतलेली बरी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेली माणसे यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत; त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी ती घेणे हाच त्याचा बचाव. हजला निघणाऱ्या बुजुर्गांनीही आधीच चौकशी करावी. तिथे जगभरची माणसे एका जागी येतात. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते का, तेही पाहावे. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. आणि ताप आला म्हणून उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नयेत. विषाणूवर त्या चालत नाहीत.

खालांनी सारे शांतपणे ऐकले. मग पानाच्या डब्याखालून डॉक्टरांची चिठ्ठी काढून आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण जुम्म्यानंतर तुम्हीच घेऊन चला."