मिरीच्या वासाचं द्राक्ष

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिऊली भागात, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून प्रेपोत्तो नावाचं छोटं गाव आहे. तिथून वाहणारी यूद्रिओ नदी पहिल्या महायुद्धापर्यंत इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यातली हद्द होती. या टेकड्यांवर स्क्योप्पेत्तीनो ही काळ्या द्राक्षाची जात शतकानुशतकं पिकत आली. 1282 सालच्या एका लग्नात तिची वाइन वाढली गेली, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. एवढी जुनी जात. पण 1970 च्या सुमारास तिची लागवड करणं बेकायदेशीर होतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागांवर आधी भुरी आली आणि पाठोपाठ फायलोक्सेरा. भुरी आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या ओळखीची. फायलोक्सेरा म्हणजे वेलीच्या मुळांवर जगणारी बारीक कीड. तिच्यामुळे बागाच्या बागा उपटून अमेरिकी खुंटांवर नवी कलमं बांधावी लागली. एवढा खर्च करायचा तर खात्रीचं पीक देणाऱ्या मेर्लो, काबेर्ने अशा फ्रेंच जाती लावाव्यात, असा विचार शेतकऱ्यांनी केला तर त्यांना दोष देता येणार नाही. स्क्योप्पेत्तीनो उशिरा पिकते, तिची फळधारणाही बेभरवशाची. त्यात पहिलं महायुद्ध अगदी याच भागात लढलं गेलं. पुढे कोणत्या प्रांतात कोणत्या जाती लावायच्या याच्या सरकारी याद्या झाल्या, तेव्हा उदिने प्रांताच्या यादीत हिचं नाव नव्हतं. रोग, कीड आणि तोफा यांतून तगलेले वेल यादीत नाव नाही म्हणून संपणार होते. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

1970 मध्ये पाओलो आणि दीना रापुत्सी या दांपत्यानं प्रेपोत्तोजवळच्या चाल्ला खोऱ्यात जमीन घेतली. फक्त स्थानिक जाती लावायच्या, असा त्यांचा निश्चय होता. स्क्योप्पेत्तीनोचे वेल शोधत ते आसपासच्या बागा धुंडाळू लागले. हाती लागले ते शंभराच्या आतच. त्यांच्याच काड्यांपासून कलमं करून त्यांनी बाग उभी केली. कायदा विरोधात असताना.

मदत आली ती पेर्कोतो गावच्या नोनीनो कुटुंबाकडून. वाइन गाळून उरलेल्या चोथ्यापासून ग्राप्पा हे मद्य बनवणं हा या घराण्याचा धंदा. प्रत्येक जातीच्या चोथ्याची वेगळी ग्राप्पा काढायची त्यांची धडपड होती, आणि त्यासाठी हवी असलेली काही द्राक्षं कायद्यानंच वर्ज्य आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. 1975 मध्ये त्यांनी स्क्योप्पेत्तीनो, पिन्योलो, तात्सेलेंगे अशा जाती लावणाऱ्यांसाठी पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार रापुत्सींना दिला. द्राक्षाच्या काडीसाठी सुरू झालेला हा पुरस्कार पुढे साहित्याकडेही वळला, व्ही. एस. नायपॉल आणि मो यान यांना तो नोबेलच्या आधी मिळाला होता. पण सुरुवातीला या पुरस्कारानं द्राक्षांचा जो गवगवा केला, त्याचा उपयोग झाला. 1978 मध्ये युरोपीय समुदायानं उदिने प्रांतात या जातीच्या लागवडीला परवानगी दिली. रापुत्सींची पहिली वाइन मात्र 1977 च्या पिकाची आहे. परवानगीची वाट न पाहता त्यांनी ती केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

ही वाइन गडद रंगाची, पण जड नाही. आंबटपणा ताजा ठेवणारा, चव काळ्या चेरीची आणि रानबेरीची. आणि मग येतो काळ्या मिरीचा वास, अगदी आत्ताच कुटल्यासारखा. तो रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो. शिराझ द्राक्षात आणि खुद्द मिरीत हाच रेणू वास देतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. 2011 मध्ये इटलीतल्या अभ्यासात तो स्क्योप्पेत्तीनोत भरपूर सापडला. पण या रेणूची पहिली ओळख वाइनमधून झालेली नाही. ती झाली नागरमोथ्यातून, पुण्यात! राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांचे सहकारी नागरमोथ्याच्या तेलाचा अभ्यास करत होते. 1967 मध्ये त्यांच्या शोधनिबंधातून रोटंडोन जगापुढे आलं. त्याचं नावही नागरमोथ्याच्या शास्त्रीय नावावरून, सायपेरस रोटंडसवरून पडलं. दिवाळीच्या उटण्यात आपण घालतो तोच हा नागरमोथा. मरव्यातही हा रेणू आहे.

रोटंडोन मुख्यतः द्राक्षाच्या सालीत साठतं, आणि थंड हवेत, कमी उन्हाच्या बाजूला जास्त. प्रेपोत्तोच्या खोऱ्यांमधली गार हवा म्हणूनच महत्त्वाची. तिथली वाळूखडक आणि चुनखडीयुक्त मातीच्या थरांची जमीन, जिला स्थानिक लोक पोंका म्हणतात, पाणी साचू देत नाही. लिटरभर रेड वाइनमध्ये 16 नॅनोग्रॅम एवढं रोटंडोनसुद्धा नाकाला कळतं. पण सगळ्यांच्या नाही. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला कितीतरी जास्त प्रमाणातही त्याचा वास आला नाही. म्हणजे एकाच बाटलीतून दोघांनी पेले भरले, तर एकाला मिरीचा दरवळ येईल आणि दुसरा चेरीच्या चवीवरच खूश असेल. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील.