व्यवसाय आणि माणूस : एका छायाचित्रकाराची शिकवण

परिसर अभ्यास शिकविताना ‘गावातील व्यवसाय’ किंवा ‘आपले मदतनीस’ हा विषय प्रत्येक शिक्षकास हाताळावा लागतो. त्यासाठी वर्गात बहुधा रंगीत तक्ता टांगलेला असतो. खाकी पोशाख व पिशवी म्हणजे पोस्टमन, चाक व मडके म्हणजे कुंभार, नांगर म्हणजे शेतकरी, अशी ओळख मुलांच्या मनात पक्की होते. ओळख पटविण्यापुरता तक्ता उपयोगी आहे. परंतु त्यात पोशाख व हत्यार तेवढे उरते आणि माणूस मात्र हरवतो. व्यवसाय दाखवूनही माणूस हरवू न देणे कसे साधते, हे ज्याच्या कार्यातून शिकता येईल अशा एका जर्मन छायाचित्रकाराचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

आउगुस्ट झांडर यांचा जन्म १८७६ साली जर्मनीतील हेरडोर्फ या खाणीच्या गावी झाला. बालपणी त्यांनी स्वतः लोखंडाच्या खाणीत काम केले. तेथेच एका छायाचित्रकाराची गाठ पडून त्यांना या कलेची गोडी लागली. काही वर्षे ऑस्ट्रियात व्यवसाय केल्यावर ते कोलोन शहरी स्थायिक झाले आणि तेथून सायकलीने आसपासच्या वेस्टरवाल्ड भागातील खेड्यांत जाऊन शेतकरी कुटुंबांची छायाचित्रे काढू लागले. पुढे त्यांच्या मनात एक विशाल संकल्प उभा राहिला. आपल्या काळातील समाजाच्या सर्व थरांतील माणसांची छायाचित्रे एकत्र करावयाची, असा तो संकल्प होता. त्यास त्यांनी ‘विसाव्या शतकातील माणसे’ असे नाव दिले. शेतकरी, कारागीर, स्त्री, विविध पेशे, कलावंत, महानगर आणि अखेरीस वृद्ध, अंध, अपंग अशी उपेक्षित माणसे, असे त्याचे सात विभाग त्यांनी योजिले.

त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. हलके कॅमेरे बाजारात आल्यावरही ते तिपाईवर ठेवावयाचा मोठा कॅमेरा व काचेच्या निगेटिव्हच वापरीत राहिले. त्या काचेवर चित्र उमटण्यास अनेकदा काही सेकंद लागत. तेवढा वेळ समोरच्या व्यक्तीस स्थिर राहावे लागे. क्षणिक हसू इतका वेळ टिकत नाही. म्हणून ते ओसरून चेहऱ्यावर त्याचा नेहमीचा भाव स्थिरावे. शक्य तेथे झांडर त्या व्यक्तीच्या घरी, शेतावर वा कामाच्या जागी जात. चित्रात दोष झाकण्यासाठी रंगरंगोटी करणे त्यांना मान्य नव्हते. माणूस सरळ कॅमेऱ्याकडे पाही आणि पाहणाऱ्यासही त्याच्या नजरेस नजर द्यावी लागे.

१९२८ साली काढलेली दोन चित्रे उदाहरणादाखल घेऊ. एकात केक व मिठाई करणारा कारागीर पांढरा डगला घालून, हातात मोठे भांडे धरून आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे. दुसऱ्यात बांधकामावरील बिगारी खांद्यांवर विटांची चळत पेलून उभा आहे. दोघांच्याही मुद्रेवर याचना नाही अथवा संकोच नाही. उद्योगपतीस वा प्राध्यापकास चित्राच्या चौकटीत जी मध्यवर्ती जागा मिळाली, तीच या दोघांस मिळाली आहे. छायाचित्रकाराने सर्वांना सारखे लक्ष दिले, हेच या चित्रांचे बळ होय.

१९२९ साली त्यांपैकी ६० चित्रांचे ‘काळाचा चेहरा’ या अर्थाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आल्फ्रेड ड्योब्लिन या नामवंत लेखकाने त्यास प्रस्तावना लिहिली. १९३३ साली नाझी पक्ष सत्तेवर आला आणि १९३६ साली या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. त्यात राज्यकर्त्यांविरुद्ध एकही घोषणा नव्हती. परंतु जर्मन माणूस एकाच साच्याचा असतो, असे सांगणाऱ्यांना बेकार, भटके व मजूर यांना सन्मानाने दाखविणारे पुस्तक कसे सोसावे? झांडर यांचा मुलगा एरिख यास राजकीय कार्यासाठी १९३४ साली अटक होऊन दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९४४ साली तुरुंगातच त्याचा अंत झाला. त्याने तुरुंगात काढलेली राजबंद्यांची चित्रे, तसेच छळ सोसणाऱ्या कोलोनच्या ज्यू नागरिकांची चित्रे पित्याने आपल्या संग्रहात समाविष्ट केली. युद्धकाळात त्यांनी अनेक निगेटिव्ह खेड्यात हलविल्या. परंतु शहरात राहिलेल्या हजारो निगेटिव्ह १९४६ साली आगीत जळाल्या. १९६४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा संकल्प अपुराच होता. पुढे २००२ साली त्यातील सहाशेंहून अधिक चित्रे सात खंडांत प्रसिद्ध झाली.

माणसांचे वर्गीकरण करणारी सर्वच चित्रे अशी आदरपूर्ण नसतात. आपल्या देशात १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सत्तेच्या आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात व्यक्तींना जातीजमातींचे नमुने म्हणून मांडले असून काही ठिकाणी संपूर्ण जमातीच्या स्वभावावर निवाडा दिला आहे. झांडर यांनीही पुष्कळदा नावाऐवजी व्यवसायच लिहिला, ही त्यांच्या पद्धतीची मर्यादा मानावी लागेल. तथापि त्यांचे चित्र माणसाविषयी निवाडा देत नाही.

या विवेचनाचा वर्गात पुढीलप्रमाणे उपयोग करता येईल :

१. कोणतेही छायाचित्र दाखविताना प्रथम फक्त दिसते ते सांगावयास लावावे : हात कसे आहेत, उभे राहण्याची ढब कशी, नजर कोठे आहे. ‘तो गरीब आहे’ असे मूल म्हणाल्यास ‘हे तुला कशावरून वाटले?’ असे विचारावे. दिसणे व वाटणे यांतील फरक मुलांना यातून कळतो.

२. गावातील गवंडी, अंगणवाडीताई, ऊसतोड कामगार, दुकानदार, वायरमन अशा व्यक्तींची चित्रे मोबाइलवर काढता येतील. प्रथम त्यांची परवानगी घ्यावी. कोठे व कसे उभे राहावयाचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. नकार आल्यास तो मानावा.

३. चित्राखाली त्या व्यक्तीच्या संमतीने नाव व ती करीत असलेले काम लिहावे. जात लिहू नये. आपल्या कामाविषयी त्यांनी सांगितलेले एक वाक्य त्यांच्याच शब्दांत घ्यावे.

४. सर्व चित्रे एकाच आकारात, एकाच ओळीत लावावी. सरपंचांचे चित्र मोठे व सफाई कामगाराचे लहान असे होऊ नये. प्रत्येकास एक प्रत अवश्य द्यावी.

आपल्या वर्गात ऊसतोड कामगाराचे मूल बसलेले असते आणि दुकानदाराचेही. भिंतीवर दोघांच्या पालकांची चित्रे शेजारी शेजारी, सारख्या मानाने लागली, तर समतेच्या पाठासाठी वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. शिक्षक बंधुभगिनींनी या सत्रात हा उपक्रम अवश्य करून पाहावा.